म्लेका न्ये मा

फ्रिज उघडलात, दुधाचा पुडा हलवून पाहिलात आणि तो रिकामा निघाला, तर तुम्ही काय म्हणता? 'दूध नाही' म्हणाल, नाहीतर 'दूध संपलं' म्हणाल. घरातली इथे वाढलेली मुलं 'मिल्श इस्ट आले' म्हणतील. मी लग्न होऊन जर्मनीत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात नवऱ्याच्या तोंडून हे वाक्य ऐकलं आणि दूध आलं असं समजून चहाचं आधण ठेवलं. इथे 'आले' म्हणजे संपले, हे कळेपर्यंत पाणी आटून गेलं होतं.

हा लेख याच वाक्याबद्दल आहे, पण जर्मनमधल्या नव्हे, पोलिशमधल्या. पोलिशमध्ये ते असं: 'म्लेका न्ये मा'. तीनच शब्द. त्यांत पोलिश व्याकरणाचं बरंच मोठं गाठोडं बांधलेलं आहे, आणि ते माझ्यापुढे सोडून ठेवलं दोन माणसांनी. एक माझे सासरे अण्णा, ज्यांना पोलिश येत नव्हतं. दुसऱ्या त्यांच्या शुश्रूषेला आलेल्या बाई, ज्यांना मराठी येत नव्हतं.

आपल्या दिवाळी अंकात पोलिश कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण आम्ही बोखुमला राहतो आणि रूरच्या या पट्ट्यात पोलिश काही परकी नाही. १८७० नंतर कोळशाच्या खाणींत काम करायला पोलिश बोलणारी माणसं इथे लाखांनी आली. बोखुमहून त्यांचं 'वियारुस पोल्स्की' नावाचं वर्तमानपत्र निघत असे. दारावरच्या पाट्या वाचत गेलात तर 'स्की'नं संपणारी आडनावं अजून भेटतात. हातोडीला इथली जुनी माणसं 'मोटेक' म्हणतात, ते पोलिश 'म्वोतेक'. काकडीची 'गुर्के' आणि सरहद्दीची 'ग्रेन्त्से' हे जर्मन शब्दही स्लाव भाषांतूनच आले. आणि ज्या क्वार्कला चक्का मानून आपण सगळे इथे दसऱ्याला श्रीखंड करतो, तो शब्दसुद्धा तिकडचाच. पोलिशमध्ये त्याला 'त्फारुक' म्हणतात. तेव्हा श्रीखंड खाल्लेल्या प्रत्येकाचा या लेखाशी संबंध आहे.

अण्णा १९६२ साली इथे आले, पोलादाच्या कारखान्यात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. जर्मन अशी बोलत की फोनवर ऐकणाऱ्याला हा माणूस कोल्हापूरचा असेल अशी शंका येऊ नये. पाच वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, चालणं गेलं, आणि जर्मन गेली. मराठी राहिली, तीही लहानपणची, कोल्हापुरी. जिच्यावर पगार मिळवला ती भाषा निघून गेली आणि आईची तेवढी उरली. डॉक्टरांच्या प्रश्नांना ते अगदी रीतसर, सविस्तर मराठीत उत्तर देत आणि डॉक्टर माझ्याकडे बघत.

ज्यांच्या घरात वडीलधारं माणूस अंथरुणावर आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आम्ही दोघंही नोकरी करणारे. शेवटी अनेकांनी केलं तेच केलं, पोलंडहून बाई बोलावल्या. दोन महिने या बाई, दोन महिने दुसऱ्या, असा फेरा. मी सांगते आहे त्या बाई ओपोलेकडच्या, साठी उलटलेल्या, मूळच्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. पेन्शन पुरत नाही म्हणून या वयात परमुलखात दुसऱ्याच्या सासऱ्यांचं करायला आलेल्या. जर्मन कामापुरती. म्हणजे दिवसाचे नऊ-दहा तास घरात दोन माणसं, आणि दोघांना समजेल अशी भाषा एकही नाही. ऑफिसात बसून मला दुसरं काही सुचत नसे. अण्णांना काही दुखलंखुपलं तर ते सांगतील कसं?

पोलिशमध्ये परक्या बाईला 'तू' म्हणत नाहीत आणि 'तुम्ही'ही म्हणत नाहीत. 'पानी' म्हणतात, म्हणजे बाईसाहेब, आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी लावतात. 'पानी चहा घेईल का?' असं तिलाच विचारायचं, जणू ती कोणी तिसरीच आहे. जर्मन माणूस आदरानं समोरच्याला 'ते' म्हणतो, आपण एकट्यालाच 'तुम्ही' म्हणून अनेक करतो, पोलिश माणूस नुसता 'बाई' म्हणून बाजूला उभा राहतो. हे मी बाईंकडून पहिल्या दिवशी शिकले आणि त्यांना 'पानी' म्हणू लागले. अण्णांनी ते ऐकलं असेल-नसेल. दुपारी त्यांना तहान लागली आणि त्यांनी 'पाणी' अशी हाक दिली. बाईंना वाटलं आपल्यालाच बोलावलं. त्या धावत आल्या, त्यांचे कोरडे ओठ पाहिले आणि पेला भरून दिला. अर्थ चुकला, काम झालं. माझी निम्मी काळजी त्या दिवशी गेली.

नावाची गंमत वेगळीच. 'आन्ना' हे पोलिशमध्ये बाईचं नाव. मिशा असलेल्या या म्हाताऱ्या गृहस्थाला सगळं घर आन्ना का म्हणतं, हे विचारायचा धीर त्यांना दोन दिवस झाला नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी सकाळी बाई फ्रिजपुढे उभ्या होत्या. पुडा हलवून स्वतःशीच म्हणाल्या, "म्लेका न्ये मा." आणि मागून खुर्चीतून अण्णा मोठ्यानं ओरडले, "म्लेको न्ये मा! म्लेको न्ये मा!" फेरीवाल्याच्या हेलात. बाईंच्या हातून पुडा गळून पडला. मीही दारात कोट घालता घालता थांबले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण अण्णांच्या तोंडून पोलिश मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आता इथून वळिवड्याला जावं लागेल. कोल्हापूरकडच्या वाचकांना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगते. १९४० पासून सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना उचलून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. पुढे सुटका झाल्यावर ती माणसं इराणमार्गे जिथे आसरा मिळेल तिथे गेली. त्यांतली सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत. १९४८ मध्ये छावणी उठली आणि ती माणसं पुन्हा जगभर पांगली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी त्या जागी घर केलं. आज तिथे गांधीनगर आहे, जिथून तुमच्याआमच्या लग्नांचा बस्ता येतो. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्या पोलिश माणसांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि तिकडे वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

अण्णांचे चुलते उचगावचे. दारात म्हशी. ते सायकलला किटल्या अडकवून छावणीकडे दूध घालायला जात आणि सुट्टीत नऊ-दहा वर्षांचा पुतण्या मागे बसे. गिऱ्हाइकांकडून ऐकून ऐकून चुलत्यांनी दोन शब्द उचलले होते. किटली भरलेली असली की 'म्लेको', आणि रिकामी झाली की 'म्लेको न्ये मा'. तेवढ्या पोलिशवर धंदा चालला. अण्णांनी हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, डाव्या हातानं किटली दाखवत. मी जर्मनमध्ये बाईंना सांगत गेले. वळिवडे त्यांना माहीत नव्हतं. सैबेरिया माहीत होता. त्यांच्या आजोळची माणसं तिकडे नेली होती. त्या बराच वेळ गप्प बसल्या, नाक पुसलं, आणि मग शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "पण म्लेको न्ये मा नाही. म्लेका न्ये मा."

म्हणजे पाऊणशे वर्षं अण्णांनी जे जपून ठेवलं होतं ते वाक्य चुकीचं होतं. मला ही चूक काय आहे ते समजून घ्यावंसं वाटलं, आणि माझी पोलिश तिथून सुरू झाली.

'म्लेको' म्हणजे दूध. 'दूध आहे' म्हणायचं तर 'येस्त म्लेको'. 'येस्त' म्हणजे आहे, संस्कृतच्या 'अस्ति'चा आणि जर्मन 'इस्ट'चा भाऊबंद. इथवर सरळ. पण दूध नसलं की दोन गोष्टी एकदम घडतात. 'येस्त' उठून जातो आणि त्याच्या जागी 'मा' येतो. या 'मा'चा मूळ अर्थ 'जवळ बाळगतो'. 'न्ये मा', बाळगत नाही. कोण बाळगत नाही? कोणीच नाही, त्या वाक्याला कर्ताच नाही. हसू नका, जर्मनमध्ये 'एस गिब्ट काइने मिल्श' म्हणतात, म्हणजे 'ते' दूध देत नाही, आणि हे न देणारं 'ते' कोण, म्हैस की काय, ते मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दूध प्रथमेतून उठतं आणि षष्ठीत जाऊन बसतं. 'म्लेको'चं 'म्लेका' होतं, दुधाचं. 'दुधाचं नाही.' दूध असेल तोवर ते कर्ता, नसेल तेव्हा त्याला कर्तेपद नाही. बाईंना मी कारण विचारलं तर त्या म्हणाल्या, "जे नाहीच ते करणार काय?" शिक्षिकेचं उत्तर. व्याकरणाच्या पुस्तकात ते तसं मिळायचं नाही, पण मला पटलं.

आणि आपल्याला हे ऐकून दचकायचं कारण नाही. 'घरात दुधाचा थेंब नाही', 'पावसाचा पत्ता नाही', 'अभ्यासाचं नाव नाही' असं आपण म्हणतोच. नसण्याला षष्ठी आपल्याकडेही शोभते. फक्त आपण तिला थेंब, पत्ता, नाव असा काहीतरी टेकू देतो. पोलिशनं टेकू काढून घेतला आहे. उचगावच्या चुलत्यांनी मराठीत 'दूध नाही' म्हणतात तसंच पोलिशमध्ये म्हटलं, दूध जागचं हलवलं नाही, एवढीच ती चूक.

मग रोज सकाळी फ्रिज आणि कपाट उघडून आमचा वर्ग भरू लागला. हेर्बाता म्हणजे चहा, नसला तर 'हेर्बाती न्ये मा'. लोण्याचं 'मास्वो', नसलं तर 'मास्वा न्ये मा'. पावाचा 'ख्लेप', नसला तर 'ख्लेबा न्ये मा'. साखरेला 'त्सुक्येर' म्हणतात, पुल्लिंगी, म्हणून मी मोठ्या ऐटीत 'त्सुक्रा न्ये मा' म्हटलं. चूक. 'त्सुक्रू.' पुल्लिंगी निर्जीव नामांना कुठे आ लावायचा आणि कुठे उ, याचा पक्का नियम नाही, कानाला सवय हवी. मी जरा चिडलेच. मग त्यांनी मला मराठीचं विचारलं आणि मी 'माळ, माळेला' सांगून झाल्यावर 'भिंत' आली. भिंतेला नाही, भिंतीला. का? मलाही खांदे उडवावे लागले. सात विभक्तींची पोलिश आणि संबोधन धरून आठांची मराठी, दोघींच्या घरी सारखाच पसारा. जर्मनच्या चार विभक्तींसाठी तुम्ही रात्री जागवल्या असतील तर एक सांगते, आपण पोलिशला भ्यायचं नाही. 'ट्रामनं जाते' याला जर्मनमध्ये 'मिट' लागतो. पोलिशमध्ये ट्रामच्या शेपटीला 'एम' लावला, 'त्रामवायेम', की झाली आपली तृतीया.

अण्णा हा वर्ग ऐकत बसत. 'म्लेका' ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. "आमचं म्लेकोच," असं म्हणून हसत.

एकदा अण्णांना तपासणीसाठी रुग्णालयात ठेवलं होतं. बाईंच्या मुलीचा ओपोलेहून फोन आला, तेव्हा मी त्यांना म्हणताना ऐकलं, "आन्नी न्ये मा." त्यांनी आमच्या अण्णांची विभक्ती केली होती! हेर्बाताचं हेर्बाती तसं आन्नाचं आन्नी. पोलिशमध्ये बाबांना 'ताता' म्हणतात, आपल्या 'तात'सारखंच, आणि पुरुष असूनही हे आकारान्त गृहस्थ बायकांसारखे चालतात. बाबा घरी नाहीत, 'ताती न्ये मा'. आणि बाबा वारले असले तरीही हेच. आपल्याकडे नाही का, 'वडील आहेत का?' विचारलं की 'नाहीत' एवढंच म्हणतात, आणि ऐकणाऱ्यानं चेहऱ्यावरून समजून घ्यायचं असतं की बाजारात गेलेत की जगातून.

तोवर बाईही मराठी शिकत होत्या. अण्णांकडून 'दूध नाही' उचललं, मग 'साखर नाही', 'वेळ नाही', 'भूक नाही'. नाम न बदलता काम होतं याचं त्यांना फार कौतुक. "सोपी भाषा," म्हणाल्या. अण्णा रुग्णालयात असताना आमच्या जुन्या टेलिफोनवर कोल्हापूरचे फोन येत, तर ते त्याच घेऊ लागल्या आणि सांगू लागल्या, "अण्णा नाही."

मी म्हटलं, "अण्णा नाहीत."

"दूध नाही. साखर नाही. अण्णा नाहीत?"

मग मला समजावून सांगावं लागलं, आणि सांगता सांगता ते मलाच पहिल्यांदा दिसलं. मराठीत नसलेलं माणूससुद्धा कर्ताच राहतं. त्याचं नाम हलत नाही, हलतं ते 'नाही', आणि वडीलधारं माणूस असेल तर त्याच्या मानासाठी तिथे 'नाहीत' होतं. तो घरात असो वा नसो, क्रियापद त्याच्यापुढे वाकतं. पोलिशमध्ये याच्या नेमकं उलट. एक माणूस नसो की दहा, 'न्ये मा' तसंच राहतं. भूतकाळात तर क्रियापद नपुंसकलिंगी होतं. 'साहेब नव्हते' म्हणायचं तर 'पाना न्ये बिवो', म्हणजे साहेबांचं नव्हतं. एरवी भूतकाळात पोलिश क्रियापद आपल्या होता-होती-होतंसारखं लिंग पाळतं, पण नसलेल्यासाठी ती तसदी घेत नाही.

बाईंनी हे वहीत लिहून घेतलं. दूध, साखर, भूक: नाही. अण्णा: नाहीत. खाली रेघ मारली.

ही रेघ आपल्या मुलांच्या वहीतही मारायला हवी, हे जाता जाता सांगते. आमची मुलगी बोखुममध्ये जन्मली. मराठी छान बोलते, पण 'आजोबा आला', 'आजोबा घरी नाही' असं. मी रागावत असे. तिला वाटे आई उगाच शिष्टाचार शिकवते, जर्मनमध्ये आजोबांना 'डू' चालतं तर मराठीत काय बिघडलं. बाईंची वही पाहिल्यावर तिनं मला विचारलं, "म्हणजे हे ग्रॅमॅटिक आहे? मला वाटलं नुसतं मॅनर्स." इथल्या शाळेत व्याकरण म्हणून शिकवलेलं ती कधी विसरत नाही. त्यानंतर 'आजोबा आले' म्हणू लागली. मला मात्र कळेना, हे तिला पोलिश बाईंच्या आधी मी का नाही असं सांगितलं.

या मार्चमध्ये अण्णा गेले. झोपेत गेले, बाईंच्या पाळीत. पहाटे त्यांनीच आम्हाला उठवलं. काय झालं ते सांगायला त्यांना जर्मन शब्द सापडेना, आणि पोलिशही त्या बोलल्या नाहीत. नुसत्या अण्णांच्या खोलीकडे हात करून उभ्या राहिल्या.

त्यांची पाळी संपायला नऊ दिवस होते. तुम्ही आता गेलात तरी चालेल, म्हटलं तर त्या थांबल्या. खोली आवरली, औषधांचे डबे रिकामे केले, भेटायला येणाऱ्यांना चहा दिला. आम्ही कोल्हापूरला नातेवाइकांना कळवलं होतं, पण अण्णांच्या वहीतले सगळेच नंबर काही आमच्याकडे नव्हते. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. मी चपात्या लाटत होते, हात पिठाचे. बाईंनी उचलला. पलीकडून कोणीतरी वयस्कर आवाजात मोठ्यानं बोलत होतं, एवढं मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. बाई थोडं थांबल्या आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, "अण्णा नाहीत."

अगदी बरोबर म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रिसीव्हर पुढे केला. मी पदराला हात पुसले. पलीकडचे गृहस्थ विचारत होते, "बरं बरं. मग परत केव्हा येतील?"